आचारी की आचार्य? नॉटमच हे मेल शोधायचं टूल आपल्या मराठीसाठी घरच्या घरी कसं वाढवायचं

गणपतीला महिना राहिला की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मंडळात हिशेबाची वही आणि माझा फोन दोन्ही एकदमच उघडतात. मागच्या खेपेला काकूंचा फोन आला, अगं त्या आचाऱ्यांना गेल्या वर्षी ऍडव्हान्स किती दिला होता ते जरा मेलमध्ये बघ ना, ते म्हणतायत अकरा हजार आणि मला आठवतायत सात. मंडळाचं मेल अकाउंट माझ्याच लॅपटॉपवर उतरवलेलं आहे, म्हटलं अर्ध्या मिनिटाचं काम. 'आचाऱ्यांना' टाकलं, उत्तर शून्य. 'आचार्यांना' टाकलं तर कुठल्या तरी आचार्यांच्या प्रवचनाची आमंत्रणं आली आणि त्यांच्या मधोमध आमच्या स्वयंपाक्याचा मेल! म्हणजे मेल होता, फक्त टूलला आचारी आणि आचार्य यातला फरक कळत नव्हता आणि मला तो कळतो म्हणून मला मेल मिळत नव्हता.

टूल म्हणजे नॉटमच, ओपन सोर्स आहे, सी मध्ये लिहिलंय, म्हटलं उघडूनच बघू. तीन-चार रविवार गेले, पण त्यातून जे समजलं ते ज्याला थोडंफार सी किंवा पायथन येतं आणि टर्मिनलची भीती नाही अशा कुणालाही जमेल, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. एकच सांगणं, कमांड आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

आधी हे टूल काय करतं ते

नॉटमच मेल आणत नाही, पाठवत नाही, तुमच्या मेलच्या फाइलींना हातही लावत नाही (फ्लॅग सिंक, म्हणजे वाचला-न वाचला असल्या खुणा जुळवणं, चालू असेल तर फाइलचं नाव तेवढं बदलतं). ते फक्त इंडेक्स बनवतं आणि शोधून देतं. कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये ते सुरू केलं, रुबीमधलं सप नावाचं जुनं मेल प्रोग्राम होतं त्याची कल्पना आवडली पण वेग नाही आवडला म्हणून, आणि पुढे बरीच वर्षं डेव्हिड ब्रेमनर ते सांभाळतायत. आत तीन मोठ्या लायब्ररी आहेत. मेल उलगडणारी जीमाइम, मेमरीचा हिशेब ठेवणारी टॅलॉक आणि खरं शोधायचं काम करणारी झॅपियन. झॅपियन सी प्लस प्लस मध्ये आहे म्हणून नॉटमचच्या ज्या फाइली तिच्याशी बोलतात त्या तेवढ्या सीसी एक्स्टेन्शनच्या, बाकी सगळं साधं सी.

इंडेक्स म्हणजे काय हे बडोद्याच्या माणसाला समजवायला मांडवीची सेंट्रल लायब्ररी पुरे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून पुस्तकांच्या नोंदणीची सगळी व्यवस्था बसवली. नोंद असेल तर पुस्तक मिळतं, पुस्तक मांडणीवर असून नोंद चुकीच्या अक्षराखाली गेली की ते पुस्तक हरवलंच म्हणायचं. झॅपियन प्रत्येक शब्दाचं असं एक कार्ड बनवतं, त्याला टर्म म्हणतात, आणि कार्डावर लिहितं की हा शब्द कुठकुठल्या मेलमध्ये आहे. आमच्या आचाऱ्यांचं कार्ड चुकीच्या अक्षराखाली गेलं होतं, बास, एवढाच रोग. आणि या लेखातलं सगळं काम एवढ्यावरच येतं की कार्ड लिहिणारा आणि कार्ड शोधणारा या दोघांनी अक्षर एकाच पद्धतीने लिहिलं पाहिजे.

मेल खाली उतरवणं

यावर फार वेळ घालवत नाही. एमबीसिंक नावाचं टूल आहे, पॅकेजचं नाव आयसिंक, ते सर्व्हरवरून आयमॅप पद्धतीने मेल आणून मेलडिर पद्धतीने ठेवतं, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल, आणि कर, न्यू, टेम्प अशी तीन फोल्डरं. जीमेल असेल तर टू स्टेप चालू करून ऍप पासवर्ड घ्यायचा. एक खड्डा आहे, गूगल टेकआउटमधून जे येतं ते एमबॉक्स असतं, सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत, ते नॉटमचला नको असतं, आधी मेलडिरमध्ये फोडून घ्यायचं. मग नॉटमच सेटअप, काही प्रश्नांची उत्तरं, आणि नॉटमच न्यू. पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर फक्त नवीन मेल बघतं.

सी ला हात लावायच्या आधी

बऱ्याच गोष्टी कोड न बदलता होतात, आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांचं काम इथेच संपेल.

पहिलं, हेडर. नॉटमच मोजकेच हेडर इंडेक्स करतं, फ्रॉम, टू, सब्जेक्ट वगैरे. तुम्हाला लिस्ट-आयडी, म्हणजे मेल कुठल्या मेलिंग लिस्टवरून आला ते सांगणारा हेडर, हवाय, नॉटमच कॉन्फिग सेट करून इंडेक्स डॉट हेडर डॉट लिस्ट ला लिस्ट-आयडी हे मूल्य द्या. त्यातलं लिस्ट हे नाव कॅपिटल अक्षराने सुरू करायचं, कारण छोट्या अक्षराने सुरू होणारी नावं नॉटमचने स्वतःसाठी राखून ठेवलीत. मग नॉटमच रीइंडेक्स, आणि लिस्ट कोलन लिहून शोधता येतं.

दुसरं, हूक. डेटाबेसच्या फोल्डरात हूक्स नावाचं फोल्डर असतं, त्यात पोस्ट-न्यू नावाची स्क्रिप्ट ठेवली की प्रत्येक नॉटमच न्यू नंतर ती आपोआप चालते. मी त्यात पायथनची एक छोटी स्क्रिप्ट ठेवलीये, नॉटमच-टू हे पायथनचं मॉड्यूल वापरून, जी नवीन मेल बघते, विषयात पावती किंवा देणगी असेल तर टॅग लावते. स्क्रिप्टला एक्झिक्यूटची परवानगी द्यायला विसरू नका. मी विसरले होते, आणि आठवडाभर एकही टॅग का लागत नाही म्हणून पायथनला शिव्या देत बसले.

तिसरं, अटॅचमेंट. फाइलचं नाव इंडेक्स होतं, पीडीएफच्या आतला मजकूर होत नाही. मजकूर काढून मेलला प्रॉपर्टी म्हणून, म्हणजे जादा नोंद म्हणून, चिकटवता येतो पण तो उद्योग मी करून सोडून दिला. झॅपियनची एक टर्म जास्तीत जास्त २४५ बाइटची असू शकते आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं, तेव्हा पावती क्रमांक, रक्कम असलं काहीतरी चिमूटभर ठेवायला ठीक, अख्खा मजकूर तिथे कोंबायचा नाही. टॅगचंही तसंच, नॉटमचची मर्यादा २०० बाइट, म्हणजे मराठीत सहासष्ट चिन्हांत आटपा.

सोर्स घेऊन बिल्ड करणं

हे झाल्यावरही काम अडतंय तरच पुढे या. उबंटू किंवा डेबियनवर झॅपियन, जीमाइम ३.०, टॅलॉक आणि झेडलिब यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस लागतात, शिवाय सी आणि सी प्लस प्लसचा कंपायलर. गिटने नॉटमचचा सोर्स क्लोन करा, कॉन्फिगर चालवा, मग मेक. काही राहिलं असेल तर कॉन्फिगरच सांगतं, ते स्क्रिप्ट हाताने लिहिलेलं आहे आणि त्याचे मेसेज माणसाला समजतात, ही या प्रोजेक्टची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

इन्स्टॉल करू नका. मेक झाल्यावर त्याच फोल्डरात नॉटमच नावाची फाइल तयार होते, ती आपली लायब्ररी पोटात घेऊनच बनलेली असते, त्यामुळे तिथूनच डॉट स्लॅश लावून चालवता येते आणि सिस्टिममधल्या नॉटमचला धक्का लागत नाही.

आता दोन गोष्टी आधी करायच्या, नंतर नाही. एक, नॉटमच डंप, जीझिप करून, आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर. मेल गेले तर सर्व्हरवरून परत येतील, इंडेक्स गेला तर परत बनेल, पण टॅग फक्त त्या डेटाबेसमध्ये राहतात आणि वर्षानुवर्षं हाताने लावलेले टॅग परत लावायला कुणाला वेळ आहे. दोन, प्रयोगासाठी वेगळं फोल्डर, त्यात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असे निवडक शे-दोनशे मेल कॉपी केलेले, आणि वेगळी कॉन्फिग फाइल. नॉटमच अंडरस्कोर कॉन्फिग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला त्या फाइलचा पत्ता दिला की डॉट स्लॅश नॉटमच तिकडेच काम करतं. खऱ्या मेलवर प्रयोग करणारा एक मुलगा माझ्या माहितीत आहे, तो सध्या गप्प असतो.

मग मेक टेस्ट. काही न बदलता एकदा चालवून घ्यायचं म्हणजे तुमच्या मशीनवर मुळातच कुठल्या टेस्ट पडतात ते कळतं. याला वेळ लागतो, मी तेवढ्यात खाली जाऊन सेव उसळ खाऊन आले.

रोग नक्की कुठे आहे ते बघणं

इथे घाई करू नका. झॅपियनच्या टूल्सच्या पॅकेजमध्ये झॅपियन-डेल्व्ह नावाची कमांड येते, ती डेटाबेसच्या आत नेमक्या कुठल्या टर्म लिहिल्यात ते दाखवते. डेटाबेस म्हणजे डॉट नॉटमच फोल्डरातलं झॅपियन नावाचं फोल्डर. मेसेज-आयडीच्या आधी क्यू हे अक्षर लावून टर्म म्हणून दिलं की त्या मेलचा आतला नंबर मिळतो, आणि मग आर ऑप्शनने तो नंबर दिला की त्या मेलची सगळी कार्डं समोर. काही टर्मच्या पुढे अक्षरं दिसतील, के म्हणजे टॅग, जी म्हणजे थ्रेड, एक्स-सब्जेक्ट म्हणजे विषयातला शब्द, ही नॉटमचची उपसर्गांची पद्धत आहे, घाबरायचं नाही.

स्वयंपाक्याच्या मेलची कार्डं काढली आणि उलगडा झाला. मराठीतला तो अर्धा र, म्हणजे दुसऱ्या, ऱ्हास, आचाऱ्यांना यातला, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक तर ऱ हे वेगळं अक्षर, युनिकोडमधला नंबर ०९३१, आणि त्याला हलंत. किंवा साधा र, नंबर ०९३०, त्याला हलंत आणि त्याच्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं, दुसऱ्या आणि दुसर्‍या, बघा सापडतोय का फरक. आणि झॅपियन शब्द तोडताना ते न दिसणारं चिन्ह सरळ टाकून देतं. आता त्यात झॅपियनची चूक नाही, इतर भाषांच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच आहे, पण आपला दुसर्‍या तिथे दुसर्या होऊन बसतो, आचारी आचार्य होतो आणि डोंगरातल्या दऱ्या समुद्राचा दर्या होतात. तिसरी एक तऱ्हा आहे, र आणि खाली नुक्ता, तीही क्वचित सापडते. आणि फोनवरून घाईत टाइप करणारे बरेचजण मुळातच सरळ दुसर्या लिहितात, त्यांना चिन्हाशी काही देणंघेणं नाही.

वाइल्डकार्डने सुटेल असं वाटेल, मलाही वाटलं. 'आचार' पुढे तारा, म्हणजे * हे चिन्ह. नाही सुटत, कारण आचाऱ्यांना यात तिसरं अक्षर र नाहीच, ऱ आहे.

पहिला बदल, एका ओळीचा

कार्डं बघताना अजून एक गोष्ट सापडली जी मी शोधतही नव्हते. एका मेलमध्ये 'कार्यकारिणीसदस्यांच्या' हा शब्द डोळ्यांनी दिसत होता आणि त्याचं कार्डच नव्हतं. कारण झॅपियनचं टर्म बनवणारं यंत्र ६४ बाइटपेक्षा लांब शब्द सोडून देतं. इंग्रजीत चौसष्ट अक्षरांचा शब्द म्हणजे कचराच असतो, पण आपल्याकडे ३ बाइटच्या हिशेबाने एकवीस चिन्हं ओलांडली की खेळ खलास, आणि काना, मात्रा, हलंत, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. कार्यकारिणीसदस्यांच्या यात बावीस चिन्हं, ६६ बाइट, गेला. मराठीत सामासिक शब्दाला प्रत्यय लावून त्याला शब्दयोगी अव्यय चिकटवलं की असले शब्द रोज तयार होतात. सर्च करणाऱ्या बाजूला ही मर्यादा नाही, म्हणून शोधताना काही एरर येत नाही, नुसतं शून्य येतं.

उपाय सोपा. लिब फोल्डरात ओपन डॉट सीसी ही फाइल आहे, तिथे टर्म जनरेटर तयार करून त्याला इंग्रजीचा स्टेमर, म्हणजे शब्दाचे प्रत्यय काढून मूळ रूप करणारा, लावलेला दिसेल. त्याच्याच खाली सेट मॅक्स वर्ड लेंग्थ हे फंक्शन बोलवायचं आणि १५० द्यायचे. २४५ पर्यंत नेऊ नका, पुढे सब्जेक्ट वगैरेचे उपसर्ग लागतात आणि शिवाय मर्यादा जितकी वाढवाल तितके जुन्या मेलमधले बेस-६४चे (मजकुरात रूपांतर केलेल्या अटॅचमेंटचे) लांबलचक तुकडे इंडेक्समध्ये घुसतील. पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, म्हणून हा उत्तम, एक ओळ आहे, परिणाम लगेच दिसतो, हात बसतो.

तो इंग्रजी स्टेमर बघून प्रश्न पडेल की मराठीचा का नाही. इंग्रजी स्टेमर देवनागरीला हात लावत नाही, म्हणजे नुकसान नाही. पण घर, घरात, घराला यांना जोडणारं काही नाही, तिथे 'घर' पुढे तारा लावूनच भागवायचं, आणि पाणी-पाण्याचं असेल तिथे 'पाण' पुढे. मराठी स्टेमर लिहिणं हे चांगलं काम आहे पण तीन रविवारांचं नाही.

खरा बदल, एक दार लिहायचं आणि एक शोधायचं

आता ऱ. मी आधी शुद्धतेच्या बाजूने गेले, ठरवलं की जॉइनरवाला र दिसला की त्याचा ऱ करायचा, म्हणजे आचारी आणि आचार्य कायमचे वेगळे. लिहून झालं, छान चाललं, आणि मग ते फोनवाले दुसर्या लिहिणारे आठवले. त्यांचे मेल तरीही हरवलेलेच. म्हणून उलटं केलं, सगळे ऱ साध्या र मध्ये वळवायचे. आचारी आणि आचार्य एकत्र येतात तर येऊ देत. शोधताना दोन मेल जास्त आले तर माणूस डोळ्यांनी वगळतो, पण जो आलाच नाही तो आहे हेच त्याला कळत नाही. व्याकरणवाल्या मंडळींनी माफ करावं, मेल जसाच्या तसा राहतो, फक्त कार्डावरचं अक्षर बदलतं.

त्याचबरोबर आकडे. निम्म्या पावत्या १५०१ अशा आहेत आणि निम्म्या इंग्रजी आकड्यांत, दोन्ही एकच व्हायला हवेत. म्हणून फंक्शनमध्ये तीन कामं, ऱ चा र, र नंतरचा नुक्ता गाळायचा, आणि देवनागरी आकडे साध्या आकड्यांत. गुजराती आकडेही त्याच फटक्यात घेतले, बडोद्यात राहून ते सोडता येत नाहीत.

हे बाइटच्या पातळीवर करा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, र म्हणजे ई०, ए४, बी० आणि ऱ म्हणजे ई०, ए४, बी१, म्हणजे फरक शेवटच्या एकाच बाइटचा. आकड्यांना तीन बाइटच्या जागी एक होतो. कुठेही मजकूर वाढत नाही, नेहमी तेवढाच किंवा कमी, त्यामुळे मूळ लांबीची एक कॉपी घेऊन तिच्यातच फिरवता येतं, बफर वाढवायची कटकट नाही. मी आधी जीलिब या सी लायब्ररीचं यूटीएफ-८ नॉर्मलाइज, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं फंक्शन, वापरलं होतं, दिसायला सुंदर, पण एक जरी बाइट मोडका असेल तर ते नल, म्हणजे रिकामं, परत देतं, आणि जुन्या मेलमध्ये मोडके बाइट म्हणजे पावसाळ्यात खड्डे. त्या मेलचा अख्खा मजकूर इंडेक्समधून गायब.

लिहायचं दार कुठे आहे? लिब मधल्या मेसेज डॉट सीसी मध्ये जेन टर्म्स नावाचं फंक्शन शोधा. विषय, पाठवणाऱ्याचं नाव, अटॅचमेंटचं नाव, मेलचा मजकूर, जे काही शब्द म्हणून तोडलं जातं ते सगळं इथूनच जातं, इंडेक्स डॉट सीसी फक्त मेल उलगडून यांच्या हातात देते. आत इंडेक्स टेक्स्टला दोनदा बोलावलंय, एकदा उपसर्गासहित, एकदा विना. त्याच्या आधी टॅलॉकने मजकुराची कॉपी घ्या, आपलं फंक्शन चालवा, कॉपी पुढे द्या, शेवटी सोडून द्या. तिथेच खाली एक गंमत दिसेल, प्रत्येक वेळी शब्दांच्या जागेचा नंबर १०० ने पुढे ढकललाय, म्हणजे विषयाचा शेवटचा शब्द आणि मजकुराचा पहिला शब्द मिळून चुकून एक वाक्प्रयोग बनू नये.

मग शोधायचं दार, क्वेरी डॉट सीसी, जिथे क्वेरीची स्ट्रिंग झॅपियनच्या पार्सरला दिली जाते. देण्याआधी तिच्यावर तेच फंक्शन, एकच फंक्शन दोन्हीकडे, दोन कॉप्या लिहिल्यात तर एक दिवस एकीत बदल कराल आणि दुसरी विसराल.

मी नेमकी इथे फसले. अख्खी स्ट्रिंग फिरवली, आणि दुसऱ्या दिवशी 'पावती२०१९' टॅगचे सगळे मेल गायब. टॅग हा शब्द म्हणून तोडला जात नाही, जसाच्या तसा के लावून कार्डावर जातो, म्हणजे कार्डावर देवनागरी आकडे आणि माझ्या क्वेरीत इंग्रजी. टॅग लावतानाही फिरवायचे असं क्षणभर वाटलं, पण मग डंप केलेली फाइल आणि डेटाबेस यांचे टॅग जुळणार नाहीत, नको. शेवटी क्वेरी तुकड्या-तुकड्याने वाचायची आणि टॅग, इज, फोल्डर, पाथ, आयडी, थ्रेड, प्रॉपर्टी यातल्या कशाने तुकडा सुरू होत असेल तर त्याला शिवायचं नाही असं केलं. सुरुवातीचा कंस आणि अवतरणातला टॅग यांची काळजी घ्या. कोड काही देखणा नाही, चालतो मात्र. आणि फुकटात एक फायदा झाला, तारखेचा डेट कोलन आपण वगळला नाहीये, त्यामुळे २०१९-०८ असं मराठी आकड्यांत लिहिलं तरी आता चालतं.

टेस्ट लिहिणं

टेस्ट फोल्डरात टी आणि तीन आकडे अशा नावाच्या शेल स्क्रिप्ट आहेत, ही सगळी रचना गिटच्या टेस्टवरून घेतलेली आहे. त्यातली एखादी छोटी कॉपी करा. ऍड मेसेज या फंक्शनने खोटा मेल बनतो, मग सर्च, मग टेस्ट एक्स्पेक्ट इक्वल ने अपेक्षित आणि आलेलं ताडून बघायचं. माझ्या टेस्टमध्ये दुसऱ्या हा शब्द चारही तऱ्हांनी लिहिलेले चार मेल आहेत आणि चारही तऱ्हांनी शोधून दर वेळी चार यायला हवेत, शिवाय मराठी आकड्यांचा एक टॅग. न दिसणारं चिन्ह एडिटर खाऊन टाकतो कधीकधी, म्हणून ते प्रिंटएफने बाइट लिहून घाला.

पॅच मूळ प्रोजेक्टवाल्यांकडे पाठवायचा विचार असेल तर त्यांची पद्धत चांगली आहे, आधीच्या पॅचमध्ये फक्त टेस्ट, तिला नोन ब्रोकन अशी खूण, आणि पुढच्या पॅचमध्ये दुरुस्ती करून ती खूण काढायची, म्हणजे वाचणाऱ्याला दिसतं की खरंच काहीतरी मोडलेलं होतं. डेव्हल फोल्डरात स्टाइल नावाची फाइल आहे, ती वाचा, फंक्शनचं नाव आणि कंस यांच्यात एक स्पेस सोडतात ही मंडळी, सवय व्हायला वेळ लागतो. शब्दाच्या लांबीचा पॅच आणि ऱ चा पॅच वेगळे ठेवा, पहिला सगळ्या जगाच्या उपयोगाचा आहे, दुसऱ्यावर चर्चा होणार.

खऱ्या मेलवर आणणं

टेस्ट हिरव्या झाल्या, प्रयोगाच्या फोल्डरात महिनाभर नाही तरी आठवडाभर वापरून बघितलं, की मग इन्स्टॉल, परत एकदा डंप, आणि नॉटमच रीइंडेक्स ला अवतरणात तारा देऊन सगळे मेल परत. जुनी कार्डं जुन्या पद्धतीची आहेत, ती आपोआप बदलत नाहीत, हे विसरलात तर नवीन मेल मिळतील आणि जुने ऱ वाले मिळणार नाहीत.

आणि क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप कमांड चालवणारी सोय, तपासा! आपण केलेलं इन्स्टॉल युझर-लोकलमध्ये जातं, पॅकेजचं जुनं नॉटमच युझर-बिनमध्ये तसंच असतं, आणि माझ्या क्रॉनमध्ये त्या जुन्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला होता. म्हणजे दर पंधरा मिनिटांनी जुना कारकून येऊन जुन्या अक्षराने कार्डं लिहून जायचा आणि मी नव्या अक्षराने शोधायचे. चार दिवस इंडेक्स अर्धा असा अर्धा तसा. हूकमधल्या पायथनचंही बघा, ते नॉटमचची कुठली लायब्ररी (लिबनॉटमच) उचलतंय, कारण तेही जुनी उचलू शकतं. पॅकेजचं नॉटमच काढूनच टाकलं तर सगळ्यात बरं.

रीइंडेक्स संपल्यावर 'आचाऱ्यांना' टाकलं. प्रवचनाची आमंत्रणं आली, तारखेने गाळली, आणि राहिला एक मेल, ऍडव्हान्स नऊ हजार. काकूंना फोन करून सांगितलं, त्या म्हणाल्या म्हणजे तेही चुकले आणि मीही, ठीक आहे, आता तेवढा २००८चा पण काढून ठेव, त्या वर्षी भांडण झालं होतं. २००८चे मेल आधीच्या चिटणीसकाकांनी श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेत, त्यात युनिकोड नावाला नाही, उघडलं की नुसते इंग्रजी चिन्हांचे फराटे दिसतात आणि नॉटमचने ते फराटेच इमानदारीत इंडेक्स केलेत. पुढचा रविवार तिकडे.